फिलूला शिकवल्याशिवाय कळायचं नाही

फिलूला वाचून काही कळायचं नाही. हे मी तिच्या तोंडावर सांगितलेलं आहे, म्हणून इथं लिहायला हरकत नाही.

आता मी मुलीकडे कल्याणला असतो. आमची लालबागची चाळ पाडून नवीन बांधणार आहेत. मुलीनं ही वही आणून दिली आणि म्हणाली, "बाबा, दिवसभर भिंतीकडं बघत बसता, त्यापेक्षा लिहा. आईबद्दल लिहा." आईबद्दल मला लिहिता येत नाही. दोन ओळी झाल्या की चष्मा पुसावा लागतो. म्हणून फिलूबद्दल लिहितो. माझी बायको कुंदा आणि फिलू दोघी अशा चिकटलेल्या होत्या की एकीला ओढलं तर दुसरी आपोआप येते.

फिलू म्हणजे फिलोमिना. दादरच्या एका शाळेत सहावी-सातवीला गणित शिकवते. आमच्या शेजारची खोली त्यांची. मुंबईचे मूळचे ख्रिश्चन, घरात मराठीच बोलणारे, आमच्यापेक्षा कितीतरी जुने मुंबईकर. तिची आई रेजिनाबाई हे मला दर भांडणात ऐकवायची. "तुम्ही बोटीनं आलेव. आमी हितलेच." मी संगमेश्वरचा. बोटीनं बाप आला होता, मी एसटीनं आलो. पण रेजिनाबाईला कोण सांगणार?

फिलूचं शिक्षण म्हणजे एक मोठी भानगड आहे. चौथीपर्यंत ती इंग्रजी शाळेत होती. पुढं घरचं जमेना, म्हणून बापानं म्युनिसिपालटीच्या मराठी शाळेत घातली. बाप गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर. त्यामुळं झालं काय, तिचे पाढे मराठीत, बेरीज इंग्रजीत, आणि हातचे कुठल्याच भाषेत नाहीत. नववीत असताना गिरणी बंद पडली, वर्षभरात बाप गेला आणि फिलूची शाळा सुटली. लोअर परळला एका गारमेंटमध्ये ती शर्टांचे लोंबते धागे कापायला लागली.

पण डोक्यात एकच होतं. टीचर व्हायचं. धागे कापणारी, नववीतून बाहेर पडलेली पोर गॅलरीत उभी राहून सांगायची, "मी टीचर होणार." चाळीतले हसायचे. मी पण हसलो. खोटं कशाला लिहू? फक्त कुंदा हसली नाही. तिनं विचारलं, "कितवीची?"

फिलू म्हणाली, "सातवीची. कारण सातवीत मला कुणी नीट सांगितलं नाही."

मग तिनं सतरा नंबरचा फॉर्म भरला. शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसायचं असेल तर तो भरतात. पहिल्या खेपेला गणितात नापास. दुसऱ्या खेपेला गणितात नापास. दुसऱ्या खेपेला दोन मार्क कमी मिळाले. मी म्हटलं, "फिलू, तू उलटी चाललीयेस." त्या दिवशी कुंदानं मला जेवायला वाढलं, पण ताट आपटून.

तिसऱ्या खेपेला जे झालं ते माझ्यासमोर झालं.

मी मसाला कुटायच्या डंकावर होतो. चाळीस वर्षं तेच केलं. लोखंडी मुसळं ओळीनं वर जातात आणि खाली आपटतात, खाली उखळात मिरची, आजूबाजूला सगळं जग शिंकतं. होळीच्या आसपास सीझन सुरू होतो. बायका डबे घेऊन सकाळपासून नंबर लावतात. कुंदा माझा डबा घेऊन यायची, तिच्याबरोबर फिलू, आणि फिलूच्या हातात भूमितीचं पुस्तक. ती पोत्यावर बसून तेच पान वाचत होती. अर्धा तास झाला, पान उलटेना.

कुंदानं विचारलं, "काय आहे गो त्यात?"

"त्रिकोण."

"मग?"

"त्याचे तीन कोन मिळून एकशेऐंशी होतात."

"असं का?"

फिलूनं पुस्तकात बघितलं. पुस्तकात का ते लिहिलेलं होतं, पण ते तिच्या डोक्यात शिरलेलं नव्हतं. तिनं खाली सांडलेली मिरचीपूड बोटानं पसरली आणि त्यात त्रिकोण काढला. डंक चालू, त्यामुळं दोघी ओरडून बोलत होत्या. फिलू सांगायची, कुंदा म्हणायची "पण असं का?", फिलू परत सांगायची. चौथ्या वेळेला फिलू मधेच थांबली. तिचं तोंड उघडंच राहिलं. मग ती उडी मारून उठली आणि ओरडली, "काकी, मला कळलं!"

कुंदा म्हणाली, "मला नाही कळलं."

"थांबा, परत सांगते."

रांगेत एक मालवणी बाई होती, ती वैतागली. "गे बाय, तुझो त्रिकोण ऱ्हवांदे, माझो नंबर खंय गेलो ता सांग!" कारण फिलूनं त्रिकोण काढायला जिथं मिरची पसरली होती, तिथं डब्यांचे नंबर खडूनं लिहिलेले होते. तीन नंबर पुसले गेले. त्या दिवशी माझ्या डंकावर जी भांडणं झाली, तशी मी तोवर कधी बघितली नव्हती. एका बाईचा कोल्हापुरी मसाला दुसरीच्या घरी गेला. फिलू मात्र त्या गर्दीत, लाल नाकानं, वेड्यासारखी हसत होती.

तेव्हापासून ठरलं. फिलू शिकणार म्हणजे फिलू शिकवणार, आणि कुंदा समोर बसणार. माझी बायको सातवी पास. पण तिच्यात एक गुण होता, समजलं नाही तर ती "समजलं" म्हणायची नाही. माणसं लाजेनं म्हणतात, ही नाही म्हणायची. कांदा चिरता चिरता मान हलवायची आणि विचारायची, "पण असं का?" फिलूचं म्हणणं झालं, "समजलं का? नाय? मग मला पण नाय." हे ती पुढं वर्गातसुद्धा म्हणायला लागली. पोरांना वाटायचं टीचर गंमत करते. गंमत नव्हती, खरं होतं.

दहावी पास झाली. गणितात एकसष्ट. पेढे घेऊन ती आधी आमच्याकडं आली, मग स्वतःच्या घरी गेली. रेजिनाबाईनं ते मनात ठेवलं.

बारावी झाली. मग डी.एड. तिथं पाठ घ्यायचे असतात, म्हणजे खऱ्या वर्गावर जाऊन शिकवून दाखवायचं, आणि मागं बसून बाई मार्क देतात. त्याला साधनं लागतात. फिलूनं पचनसंस्था बनवली. पोटाला गरम पाण्याची रबरी पिशवी, अन्ननळीला जुना गॅसचा पाइप आणि लहान आतडं म्हणून सहा मीटर सुती दोरी, गुलाबी रंगात बुडवलेली. ती दोरी वाळायला गॅलरीत बांधली. सकाळी बघतो तर तिच्यावर कुणीतरी लेंगे वाळत घातलेले.

फिलू ओरडली, "आतड्यावरचे लेंगे काढा!"

वरच्या मजल्यावरून आवाज आला, "आधी आतडं काढ! गॅलरी काय तुझ्या बापाची?"

गडबडीत तिनं दोरी गुंडाळली आणि शाळेत नेली. पाठ सुरू झाला. सगळी पचनसंस्था टेबलावर मांडली, तर लहान आतड्याला मधोमध एक निळा चिमटा. एका पोरानं विचारलं, "टीचर, हा चिमटा कशाला?" दुसरी कुणी असती तर घामाघूम झाली असती. फिलू म्हणाली, "छान प्रश्न. हा चिमटा म्हणजे तू काल न चावता गिळलेला वडा. तो अडकला. आता सांग, पुढं काय होईल?" वर्ग इतका हसला की मागच्या बाई पण मार्क लिहायच्या थांबल्या. ते घरी येऊन तिनं कुंदाला सांगितलं, करून दाखवलं, आणि कुंदा इतकी हसली की तिची उचकी संध्याकाळपर्यंत थांबेना.

तिचा वर्गातला आवाज कसा होता हे सांगायला हवं. तो डंकावर घडलेला आवाज. धाड-धाड मुसळांच्या वरनं ऐकू जाईल असा. शाळेत तीन वर्ग पलीकडं जायचा. मुख्याध्यापिका एकदा येऊन म्हणाल्या, "जरा हळू." फिलू म्हणाली, "बाई, हे हळूच आहे." आणि सगळ्यांना बाळा म्हणायची सवय. पोरांना बाळा, कंडक्टरला बाळा, एकदा चर्चमध्ये नवीन आलेल्या फादरना पण म्हणाली, "बाळा, माइक जरा जवळ घे." रेजिनाबाईनं तिथंच क्रूसाची खूण केली.

मोजायची पण सवय. कुठंही गेली की माणसं मोजायची. बसच्या रांगेत, लग्नात, हॉटेलात. सहलीला पोरं हरवतात, म्हणून शाळेतल्या बाई मोजतात ते ठीक. ही बारशाला पण मोजायची. "चौतीस. पाळण्यातलं धरून."

आता तो नोकरीचा किस्सा. हा मी शंभर वेळा ऐकलाय आणि दोनशे वेळा सांगितलाय.

फिलूच्या लोकांकडं बाटलीचा मसाला म्हणून एक असतो. वर्षाचा एकदम करतात आणि जुन्या तपकिरी बाटल्यांत काठीनं ठासून ठासून भरतात. पंचवीस-सव्वीस जिन्नस त्यात. प्रत्येक घराचं प्रमाण वेगळं, आणि ते घराबाहेर सांगायचं नाही. सुनेला सुद्धा लगेच सांगत नाहीत, आधी बघतात टिकते का. रेजिनाबाई माझ्याकडं डबा घेऊन यायची ती फडक्यात बांधून. वर मला म्हणायची, "डोले मीट आन कुट." मी डोळे मिटायचो. पण नाक कसं मिटणार? चाळीस वर्षं त्याच नाकावर पोट भरलं. तीळ, खसखस, गहू, दगडफूल, सगळं कळायचं. दोन वस्तू मात्र कधीच ओळखता आल्या नाहीत.

फिलू दादरच्या शाळेत मुलाखतीला गेली. जागा एक, आलेल्या अकरा जणी. प्रत्येकीनं वर्गावर वीस मिनिटं शिकवून दाखवायचं. मागं बसणार मुख्याध्यापिका आणि संस्थेच्या एक बाई, मोत्यांची माळ घातलेल्या. फिलू अपूर्णांक पाठ करून गेली होती. तिथं चिठ्ठी काढली तर निघालं गुणोत्तर आणि प्रमाण.

ती सांगायची, "काका, खडू हातात आणि डोकं रिकामं. एकदम कोरं. पोरं माझ्याकडं बघतायत. मला जगातलं एकही प्रमाण आठवेना. एक सोडून."

आणि तिनं फळ्यावर लिहिलं, मिरची दोन किलो. त्याच्याखाली धणे. त्याच्याखाली जिरं. आजीचं, पणजीचं, कुणाला न सांगितलेलं प्रमाण, दादरच्या सातवी ब च्या फळ्यावर, सुंदर अक्षरात. मग पोरांना विचारलं, "दोन किलोला एवढं, तर पाच किलोला किती?" पोरं पेटली. कुणी ओरडतंय, कुणी बाकावर चढतंय. एक म्हणाला, "टीचर, आमची मम्मी एवढे धणे नाय टाकत." फिलू म्हणाली, "मग तुझ्या मम्मीचं गुणोत्तर काढ."

एकवीस जिन्नस झाले आणि तिची नजर मागं गेली. मोत्यांच्या माळेची बाई पर्समधून डायरी काढून भराभर उतरवून घेत होती.

फिलूचा खडू थांबला. आईचा चेहरा समोर आला. आता थांबावं तर पाठ अर्धवट, नोकरी गेली. पुढं लिहावं तर घर गेलं. तिनं खडू फिरवला, खाली पाच आडव्या रेघा मारल्या आणि म्हणाली, "पुढचे पाच जिन्नस आणि त्यांचं प्रमाण तुम्ही घरी आईला विचारून भरून आणायचं. रिकाम्या जागा भरा. हा गृहपाठ."

मोत्यांच्या माळेची बाई डायरी उघडी धरून बसली होती. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "वा. पालकांचा सहभाग." अकरा जणींत फिलूला नोकरी लागली.

रेजिनाबाईला हे कळलं. कुणी सांगितलं? मी. मी समजलो, आनंदाची बातमी आहे. रेजिनाबाई महिनाभर मुलीशी बोलली नाही. काही हवं असेल तर आमच्या दारात येऊन मला सांगायची, "त्या टीचरला सांग, दूध उतू जाते." शेवटी फिलू रडकुंडीला आली. "आई, एकवीसच सांगितले गो. पाच नाय सांगितले."

"कनचे पाच?"

फिलूनं कानात सांगितलं. रेजिनाबाईनं बोटांवर मोजलं. मग तिचं तोंड जरा सैल झालं. "तिरफल सांगलास?"

"नाय."

"मग ठीक हाय. सांबार खातील मेले."

पुढच्या सीझनला खरोखर एक बाई गाडीतून माझ्या डंकावर उतरली. गळ्यात मोत्यांची माळ, हातात डायरीचं पान. मला म्हणाली, "भाऊ, हा बाटलीचा मसाला आहे, पण चव येत नाही. तुम्हाला काही अंदाज? आणखी काय लागेल?" मी तोंड उघडणार तेवढ्यात डबा घेऊन आलेली कुंदा पुढं झाली. "ताई, आईला विचारा. गृहपाठ आहे." मी मुसळांच्या मागं जाऊन हसलो. बाईला वाटलं, मिरची लागली.

पुढं फिलू मुक्त विद्यापीठातून बी.ए. झाली. म्हणजे कुंदा पण झाली, फक्त परीक्षा न देता. अर्थशास्त्राचा पेपर होता तेव्हा कुंदा बाजारात कोळणीला ऐकवून आली, "मागणी कमी झाली की भाव उतरतो, हा नियम आहे." कोळीण म्हणाली, "ए बाय, तू मागणी कर, नियम माझ्या पाटीत हाय." कुंदा घरी आली आणि फिलूला सांगितलं, पुस्तक चुकीचं आहे. दोघींनी त्यावर तासभर वाद घातला. मला त्या दिवशी बांगडे मिळाले नाहीत.

कुंदा गेल्या वर्षी गेली, गणपतीनंतर. पोटाचं दुखणं होतं. त्याबद्दल जास्त लिहीत नाही. तिला नेताना खाली सगळी चाळ जमली. फिलू जिन्यात उभी होती, आणि सवयीनं तिची बोटं हलायला लागली, ओठ हलायला लागले. मोजत होती. मधेच थांबली. परत पहिल्यापासून मोजायला लागली. परत थांबली. मी बघत होतो. आकडा जुळेना तिचा. मग तिनं दोन्ही हात पदरात गुंडाळून घेतले.

आणि त्यानंतर नियम आला. नोकरीत असलेल्या शिक्षकांनी पण पात्रता परीक्षा द्यायची. पास झाले नाहीत तर घरी. फिलू सत्तेचाळीस वर्षांची. वीस वर्षं शिकवतेय. तिनं शिकवलेली पोरं इंजिनियर झाली, एक तर पायलट झालाय. आता हिनं परत सिद्ध करायचं की मला शिकवता येतं. मी म्हटलं, "हे कुठलं डोकं?" ती म्हणाली, "काका, डोकं कुठलं का असेना, पेपर द्यावा लागणार. वर्ग गेला तर मी करू काय? धागे कापू?"

ती पुस्तकं घेऊन गॅलरीत बसायला लागली. तेच पान, तासभर. मला ते पान ओळखीचं वाटलं. आठ दिवसांनी ती माझ्या दारात आली. डोळे सुजलेले. "काका, आत शिरतच नाय हो. सांगू कुणाला?"

तिनं प्रयत्न केले होते. भिंतीला शिकवून बघितलं. चाळीतल्या मांजराला शिकवलं, ते निदान बसून तरी राहिलं. आईला शिकवायला गेली, तर रेजिनाबाई पंच्याऐंशीची, जपमाळ हातात. म्हणाली, "पास हो नाय तर नापास हो. मना झोपू दे."

शेजाऱ्यापाजाऱ्यांत उरलो मी.

मी कसला विद्यार्थी? मला चौथीच्या पुढं मास्तरांनी हाकलला होता. मी खुर्चीत बसायचो, ती बालमानसशास्त्र सांगायची, आणि मी दर वाक्याला म्हणायचो, "समजलं." लवकर आटपेल म्हणून. तिसऱ्या दिवशी तिनं पुस्तक मिटलं. "काका, काय समजलं? सांगा."

मी म्हटलं, "तेच. मुलांचं."

"मुलांचं काय?"

"मुलं असतात."

ती हसायला लागली. हसता हसता रडायला लागली. मग परत हसायला लागली. म्हणाली, "काकींनी आयुष्यात एकदा खोटं समजलं म्हटलं नाय. आणि तुम्ही!" मला लाज वाटली. बहात्तराव्या वर्षी वर्गात लाज वाटणं, फार वाईट.

दुसऱ्या दिवशी नीट बसलो. ती सांगत होती, मूल चुकीचं उत्तर देतं तेव्हा ते मूर्ख नसतं, ते त्याच्या परीनं विचार करत असतं. मी ऐकलं आणि माझ्या तोंडातून निघालं, "पण असं का?"

मी ते ठरवून बोललो नव्हतो. चाळीस वर्षं कानावर पडलं होतं, ते तोंडात आलं. फिलूनं माझ्याकडं बघितलं नाही. पुस्तकाकडं बघत म्हणाली, "सांगते." आणि काय सांगितलं! दीड तास. मी मधे मधे भांडलो. "मग आमच्या मास्तरांना हे कुणी सांगितलं नव्हतं का? त्यांनी मला कोंबडा केला होता." ती म्हणाली, "काका, मास्तरांचं पण बालपण बघावं लागतं." मी म्हटलं, त्यांना बालपण नव्हतं.

त्या पुस्तकात परदेशी विद्वान फार. त्यांची नावं माझ्या तोंडात बसेनात. मग आम्ही त्यांना मसाल्याची नावं दिली. एकाला जायपत्री, एकाला नागकेशर. जायपत्री म्हणतो, मूल आपलं आपण धडपडून शिकतं. नागकेशर म्हणतो, मूल माणसांत बसून, बोलून शिकतं. मी म्हटलं, "फिलू, नागकेशर बरोबर आहे. तुझ्याकडं बघूनच लिहिलंय त्यानं." ती खूश झाली. मग घाबरली. "काका, पेपरात नागकेशर लिहून आले तर?" मी म्हटलं, तुझ्या पेपरात फक्त गोल काळे करायचेत, घाबरू नको.

दोन महिने असे गेले. कधी दुपारी, कधी सकाळी नळाचं पाणी भरता भरता. मला आता मुलाच्या वाढीच्या सगळ्या अवस्था येतात. उपयोग काही नाही. पण येतात.

परीक्षा परळच्या एका शाळेत होती. मी बरोबर गेलो, तिची पिशवी सांभाळायला, कारण आत पिशवी नेऊ देत नाहीत. दीड तास आधी पोचलो. फाटकाबाहेर सगळी विशी-पंचविशीतली पोरं, हातात कागद, तोंडानं पुटपुटत. फिलू त्यांच्यात उभी, इस्त्रीची साडी, केसांना मेंदी. एका पोरानं तिला विचारलं, "मॅडम, पाणी आत मिळेल का?" त्याला वाटलं, ही परीक्षा घ्यायला आली आहे. फिलू म्हणाली, "बाळा, मला पण माहीत नाय."

तेवढ्यात तिला ती पोर दिसली. फुटपाथच्या कडेला बसलेली, शीव कोळीवाड्याची असं नंतर कळलं. वही मांडीवर, आणि टपटप रडत होती. फिलू गेलीच. "काय अडलं?"

पोरीनं वही दाखवली. काळ-काम. एक माणूस एक काम दहा दिवसांत करतो, दुसरा पंधरा दिवसांत, दोघं मिळून किती दिवसांत? फिलूनं साडी आवरली, खाली बसली, आणि फुटपाथवर खडूनं सुरू केलं. परीक्षेला पेन न्यायचं, पण ही बाई खडू घेऊन आली होती. भोवती आठ-दहा पोरं जमली. मी म्हटलं, बरं आहे, वेळ आहे.

वेळ गेला. शिपाई ओरडला, "चला, गेट बंद होतंय! नंतर कुणाला सोडणार नाय!" बाकीची पोरं पळाली. फिलूनं त्या पोरीला विचारलं, "समजलं का?"

"हो मॅडम."

फिलूनं तिच्या तोंडाकडं बघितलं. वीस वर्षं शिकवलेली बाई ती. "नाय समजलं. परत सांगते. एका दिवसात पहिला माणूस कितवा भाग करतो?"

मी ओरडलो, "फिलू! गेट!"

"थांबा काका, तिला नाय समजलं."

"अगं तुझी नोकरी!"

"एक मिनिट!"

शिपायानं फाटकाचं एक दार लावलं. दुसरं ओढायला लागला. मी जाऊन त्या फटीत उभा राहिलो. तो म्हणाला, "आजोबा, बाजूला व्हा. तुमचा पेपर हाय काय?"

मी म्हटलं, "हाय."

"हॉलतिकीट?"

"शोधतोय." आणि मी शर्टाचे खिसे चाचपले. मग लेंग्याचे. मग पिशवी उघडली आणि एकेक वस्तू बाहेर काढायला लागलो. छत्री. डबा. टॉवेल. तो बघतच राहिला. तिकडं फुटपाथवरून आवाज आला, "सहा! मॅडम, सहा दिवस!"

आणि फिलू, देवा, फिलू म्हणते, "का सहा?"

मी आयुष्यात रस्त्यावर इतका ओरडलो नव्हतो. "का ते नंतर!"

दोघी पळत आल्या. फिलूनं आधी त्या पोरीला फटीतून आत ढकललं, मग स्वतः आडवी होऊन शिरली. शिपाई म्हणाला, "मॅडम, सुपरवायझर लोकांना मागच्या गेटनं जायचंय."

"परीक्षेलाच आलेय रे बाळा," ती म्हणाली आणि त्याच्या हातात हॉलतिकीट दिलं. त्यानं फोटो बघितला, तिला बघितलं आणि सोडलं. मला मात्र बाहेर काढलं.

निकाल अजून लागलेला नाही. चार दिवसांनी आमची चाळ खाली झाली. तेव्हा फिलू शाळेत होती, आईला आदल्या दिवशीच माहीमला नातेवाइकांकडं पोचवलेलं. मी इकडं आलो. त्यामुळं तिला शिकवताना बघितलं ते शेवटचं, फाटकाच्या गजांतून. मैदान मोकळं झालं होतं, घंटा वाजत होती, आणि त्या दोघीच उरल्या होत्या. ती पोर पुढं, फिलू मागं, एका हातानं निऱ्या धरलेल्या. मधेच पोर थांबली, वळली आणि काहीतरी म्हणाली. फिलूनं हवेत बोटानं एक रेघ ओढली, वर एक लिहिला, खाली दहा. पोरीनं तिच्या बाजूला वर एक लिहिला, खाली पंधरा. फिलूनं दोन टाळ्या वाजवल्या, एवढ्या मोठ्या की वरच्या मजल्यावरून दोन डोकी बाहेर आली. मग दोघी पळत सुटल्या. फिलूचं बोलणं चालूच होतं. पायऱ्या चढताना, दारातून आत जाताना, आत गेल्यावर सुद्धा मला ऐकू येत होतं.